पृथ्वी, एक नग

‘माझ्या शाळेतली एक आठवण’ या विषयावर सातवी ‘ब’ने लिहिलेल्या चाळीस निबंधांपैकी एकोणचाळीस निबंधांत सहल होती. त्या सहलीत बस बंद पडली होती, कुणाला तरी उलटी झाली होती आणि ‘तो दिवस मी कधीच विसरणार नाही’ असं सगळ्यांनी शेवटच्या ओळीत न चुकता कबूल केलं होतं. चाळिसावा निबंध मात्र वेगळाच होता. त्यातली मुलगी पहिलीच्या पहिल्याच दिवशी चुकून शेजारच्या भलत्या शाळेत जाऊन बसते, दिवसभर तिथं गाणी म्हणते, डबा खाते, गृहपाठ घेते आणि घरी येते; कुणाच्या काही लक्षात येत नाही. भाषेच्या सरांनी तो निबंध दोनदा वाचला, दोनदा हसले आणि हसल्याची भरपाई म्हणून खाली लाल पेनानं शेरा मारला : ‘हे घडलेलं वाटत नाही. पुन्हा लिही. ३/१०.’

सरांचा एकच धर्म होता, तो म्हणजे अनुभव. “जे घडलं तेच लिहा. आठवा, आजूबाजूला बघा. शाळेत रोज इतकं घडतं, डोळे उघडे ठेवा,” हे ते चोवीस वर्षं सांगत होते. मुलं त्यांना पाठीमागे अनुभवसर म्हणत. त्यांनी स्वतः मात्र या चोवीस वर्षांत रजेचे अर्ज, सूचनाफलकावरच्या सूचना आणि निवृत्त होणाऱ्यांच्या निरोपाची भाषणं सोडून एक ओळ लिहिली नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

विचारणारी व्यक्ती सातवी ‘ब’मध्ये तिसऱ्या बाकावर बसत होती. तिच्या वर्गमैत्रिणी तिला प्रश्नचिन्ह म्हणत. वही हातात पडल्यापडल्या ती उभी राहिली.

“सर, हे खरंच घडलंय.”

“अगं, शाळेत हजेरी असते. भलतीच मुलगी येऊन बसली तर बाईंना कळत नाही होय?”

“त्यांची एक मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिचं नाव घेतलं, तेव्हा मी हजर म्हटलं.”

“तू कशाला म्हटलंस?”

“बाई सारख्या माझ्याकडेच बघत होत्या, सर. मग काय करू?”

वर्ग खदखदला. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं. “खरी आठवण अशी नसते. खरी आठवण साधी असते.”

“साधी म्हणजे कशी, सर?”

“म्हणजे... वाचताना कळतं.”

“मग तुम्ही एक लिहून दाखवा ना!”

आता वर्गात चाळीस मुलं आणि एकच मागणी म्हटल्यावर भलेभले घसरतात. सरही घसरले. “दाखवतो की! मी याच शाळेत शिकलोय. बुधवारी वाचून दाखवतो. शब्द न् शब्द खरा.”

“आणि तपासणार कोण?” प्रश्नचिन्हाचं अजून संपलं नव्हतं.

सातवी ‘ब’ची एक पद्धत होती. मुलं एकमेकांच्या वह्या बदलून आधी आपापसात तपासत, आणि जो तपासेल त्याला तेवढ्यापुरता सरांचा लाल पेन मिळे. पद्धत सरांनीच घालून दिली होती, त्यामुळे तिच्यातून पळवाट काढायची सोय नव्हती. “तू तपास,” सर म्हणाले. तास संपल्यावर जिना उतरताना त्यांना जाणवलं, की बुधवारी आपल्याला काही सुचलं नाही, तर चोवीस वर्षांचं शिकवणं त्या तिसऱ्या बाकापाशी मातीत जाणार आहे.

संध्याकाळी ते कोरा कागद घेऊन बसले. ज्या शाळेत आपण शिकलो तिथंच शिकवतोय, म्हणजे आठवणींचा नुसता ढीग पडलेला असणार, अशी त्यांची समजूत होती. दोन तास उपसलं, तेव्हा हाती लागलं ते असं : शाळेत भिंती होत्या. शेवटी त्यांनी आईकडे मोर्चा वळवला. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती.

“आई, मी शाळेत असताना काय काय करायचो गं?”

“जायचास.”

“आणि?”

“यायचास.”

“मधे?”

“मधे मी घरी असायचे. मला काय ठाऊक?” आईनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. “तुझं काही म्हणून कधी कानावर आलं नाही बघ. शेजारणीला तिच्या पोरापायी महिन्यातून दोनदा शाळेत बोलवायचे. कशी नटूनथटून जायची! आल्यावर तासभर सांगत बसायची. मी आपली खिडकीतून बघायचे. मला एकदा, एकदासुद्धा कुणी बोलावलं नाही.”

“अगं, ते चांगलंच की.”

“तुला चांगलं,” आई म्हणाली आणि सुईत दोरा गेला.

बुधवार उजाडला, तरी कागद कोराच होता. दुसऱ्या तासाला कसल्याशा पत्रकावर सही घ्यायला सर मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. त्याही याच शाळेच्या विद्यार्थिनी, सरांच्या दोन वर्षं पुढे. तेव्हाही वर्गप्रमुख आणि आत्ताही. त्या सही करत होत्या तेवढ्यात सरांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं पृथ्वीच्या गोलाचा स्टँड होता. लाकडी बैठक, वर पितळेची अर्धगोल कमान, आणि गोलाच्या जागी मोठ्या बाईंची छत्री अडकवलेली. सर तो स्टँड इतकी वर्षं रोज बघत होते. आज तो त्यांना पहिल्यांदा दिसला.

आणि एकदम आठवलं! आपण पाचवीत असताना या स्टँडवरचा गोल नाहीसा झाला होता. भूगोलाच्या मास्तरांनी सगळ्या वर्गांना रांगेत उभं करून तासभर झाडलं होतं. गोल काही मिळाला नव्हता. खरी आठवण म्हणावी तर इतकीच होती, चार ओळींची. पण चार ओळींवर प्रश्नचिन्ह काही गप्प बसणार नव्हतं. गोल नेला कुणी असेल? सर ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊन बसले, पेन उघडलं आणि त्यांच्याही नकळत कागदावर उतरलं : ‘मी.’

मग पेन थांबेना. दुसऱ्या दिवशी मास्तर सगळ्यांना गोल फिरवून देश दाखवायला लावणार होते, म्हणून भ्यालेला अकरा वर्षांचा मुलगा. शाळा सुटल्यावरचा मोकळा व्हरांडा. अंगातला स्वेटर काढून त्यात गुंडाळलेला गोल. आणि सभागृहातल्या लाकडी स्टेजच्या बाजूची ती छोटी झडप, जिच्यातून तेव्हा मोडकं सामान आत ढकलत. सरांनी झडपेतून गोल आत सारला आणि अर्ध्या तासात पूर्णविराम दिला. शाळेत लपवायला दुसरी जागा तरी कुठली होती?

पाचव्या तासाला त्यांनी ते वर्गात वाचलं. ‘त्या दिवशी मी सगळी पृथ्वी पोटाशी धरून पळालो’ हे वाक्य तर सरांनी दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर प्रश्नचिन्ह उठलं.

“सर, हे खरंच घडलं?”

सरांनी छातीवर हात ठेवला. “अक्षरशः.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात दारात सूचनेची वही घेऊन उभे असलेले ऑफिसातले हेडक्लार्क सरांना दिसलेच नाहीत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. गोष्ट त्यांनी पहिल्या वाक्यापासून ऐकली होती.

“सर,” तास संपताच भाऊसाहेब हळूच म्हणाले, “जरा ऑफिसात येता?”

ऑफिसात त्यांनी कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढली. शाळेतल्या सगळ्या टिकाऊ वस्तू, म्हणजे बाकं, फळे, घंटा, कपाटं, त्या वहीत होत्या. भाऊसाहेबांनी एक पान अलगद उघडलं. ‘पृथ्वीचा गोल, एक नग. गहाळ.’ त्याखाली दर वर्षीच्या तपासनिसाचा लाल शेरा होता, ‘खुलासा करावा’. आणि प्रत्येक लाल शेऱ्याखाली भाऊसाहेबांच्या सुबक निळ्या अक्षरात, ‘शोध चालू आहे.’ खुलासा करावा, शोध चालू आहे. खुलासा करावा, शोध चालू आहे. अशा अडतीस जोड्या होत्या.

“माझ्या नोकरीचा पहिला महिना होता, सर,” भाऊसाहेब म्हणाले. “नोंदवही ताब्यात घेतली आणि पृथ्वी गेली. या वहीत बाकी एक टाचणी इकडची तिकडे नाही. येत्या महिनाअखेर मी निवृत्त होतोय. मला वाटलं होतं, हा एवढा डाग तसाच टाकून जावं लागणार.” त्यांनी रुमालानं डोळे टिपले. “तुम्ही आज वाचवलंत.”

सरांनी नोंदवही मिटून बाजूला सारली. “भाऊसाहेब, अहो, ती गोष्ट आहे हो.”

“गोष्ट कशी? आठवण आहे. ‘अक्षरशः’ म्हणालात. छातीवर हात ठेवून.”

“म्हणजे, लिहिताना माणूस थोडंफार आपल्या मनाचं...”

“थोडंफार किती?”

“बऱ्यापैकी.”

भाऊसाहेबांनी शांतपणे कोरा कागद पुढे सरकवला. “मग तसं लेखी द्या. ‘मी मुलांना खरी म्हणून जी आठवण वाचून दाखवली ती खोटी आहे.’ खाली सही. मी नोंदवहीला जोडतो. आणि मुलांचा उगाच गैरसमज नको, म्हणून सातवी ‘ब’मध्ये तेवढी सूचना फिरवतो.”

सरांच्या डोळ्यांपुढे ती सूचना आली. तिसऱ्या बाकावरून वर झालेला हात आला. आपल्याच हातचे ‘३/१०’ आले. एकीकडे चोर, दुसरीकडे खोटारडा. त्यांनी घाम पुसला आणि मनाशी हिशेब केला, की चोर ठरलो तर निदान आठवण तरी खरी ठरेल.

“नको,” ते म्हणाले. “शोध घ्या.”

“शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर घेऊ. आणि हो, पालकांना बोलवावं लागेल.”

“कुणाच्या?”

“तुमच्या. विद्यार्थ्यानं शाळेची वस्तू गहाळ केली तर पालकांना समक्ष बोलवायचं, असा नियम आहे.”

“भाऊसाहेब, मी एकोणपन्नास वर्षांचा आहे!”

“केलंत तेव्हा अकरा वर्षांचे होतात,” भाऊसाहेब म्हणाले आणि पत्र टाइप करायला बसले.

परवानगीसाठी दोघं मोठ्या बाईंकडे गेले. स्टेज हा शब्द ऐकताच मोठ्या बाईंच्या हातून पेन गळून पडलं.

“इतकं जुनं उकरून काढायचं कशाला, भाऊसाहेब? लहानपणी कोण काय करत नाही?”

सरांना भरून आलं. बाई आपल्याला वाचवतायत! “अगदी खरं आहे, बाई.”

“आणि त्या स्टेजखाली साप असतील.”

“असतीलच!” सर म्हणाले. “मी एकदा बघितलाय.”

“शिवाय परीक्षा जवळ आल्यात.”

“डोक्यावर आल्यात, बाई!”

भाऊसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “ठीक आहे. परवानगी नाकारल्याचं तेवढं लेखी द्या. वहीला जोडतो.”

लेखी म्हटल्यावर मोठ्या बाईंचाही नाइलाज झाला. त्यांनी खाली पडलेलं पेन उचललं आणि कसंबसं ‘मंजूर’ लिहिलं. सर आणि बाई, दोघांचेही चेहरे सारखेच उतरले होते. सरांना वाटलं, आपल्यासाठी जीव तोडणारं माणूस या शाळेत निदान एक तरी आहे.

घरी पत्र पोचलं. ‘आपल्या पाल्याच्या वर्तनासंबंधी समक्ष भेटावे.’ आईनं ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कपाटातून ठेवणीतले कपडे बाहेर काढले.

“आई, यात आनंद कसला होतोय तुला?”

“तुला नाही कळायचं.” आई इस्त्री शोधत होती. “शेजारीण आज असायला हवी होती.”

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर सभागृहात सातवी ‘ब’ दाटीवाटीनं बसली होती. पुढे खुर्चीवर ठेवणीतल्या कपड्यांत आई, शेजारी नोंदवही मांडीवर घेऊन भाऊसाहेब, आणि कडेला मोठ्या बाई, भिंतीला टेकून. शाळेच्या शिपाईमामांनी पहारीनं झडप उचकटली, टॉर्च तोंडात धरला आणि आडवं होऊन आत शिरले. आतून धूळ आणि त्यामागोमाग सामान बाहेर येऊ लागलं. एका पायाची खुर्ची आली, नाटकातला पुठ्ठ्याचा मुकुट आला, डाव्या पायाचे तीन बूट आले. एक डबा आला, पण त्याचं झाकण उघडायची कुणाची छाती झाली नाही.

“सांगून ठेवते,” आई भाऊसाहेबांना म्हणाली, “माझा मुलगा असं काही करणं शक्यच नाही.”

“आई, गप्प बस ना,” सर कुजबुजले.

“का म्हणून गप्प बसू? मला बोलायला बोलावलंय.” आई वर्गाकडे वळली. “अरे, त्याच्यात तेवढी धमकच नव्हती. दुसऱ्याची पेन्सिल घ्यायची तर आधी घरी येऊन मला विचारायचा.”

वर्गात खसखस पिकली. प्रश्नचिन्हानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. आत काही मिळणार नाही हे सगळ्या सभागृहात एकट्या सरांनाच ठाऊक होतं, आणि ते मिळालं नाही की काय होणार, हेही.

“काहीतरी गोल लागतंय!” आतून शिपाईमामांचा आवाज आला.

सगळे उठून उभे राहिले. बाहेर आला तो हवा गेलेला फुटबॉल. सरांनी मान खाली घातली.

“अजून एक गोल आहे!”

या खेपेला बाहेर आलं ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं होतं, लाल रिबिनींनी बांधलेलं. भाऊसाहेबांनी गाठ सोडली, कागद गळून पडले आणि आतून पृथ्वी निघाली. रंग उडालेली, समुद्र पिवळे पडलेले, सगळ्यात मोठ्या महासागरात अंगठ्याएवढं एक भोक. पण पृथ्वीच होती ती.

सभागृह दणाणून गेलं. सरांनी जमिनीवरच बसकण मारली. त्यांना भावना आवरत नाहीत, असंच सगळ्यांना वाटलं. भाऊसाहेब तर उघड रडत होते. त्यांनी तिथंच नोंदवही उघडली आणि ‘शोध चालू आहे’च्या खाली सुबक अक्षरात लिहिलं : ‘पृथ्वी, एक नग. सापडली. समुद्रास एक भोक.’

आईनं सरांच्या पाठीत एक जोरदार थाप दिली. “शेवटी माझ्यावर गेलास रे बाबा!”

“सर,” गलक्यातून एक आवाज आला, “तुम्ही तर स्वेटरमध्ये गुंडाळला म्हणाला होतात. या रिबिनी कुणाच्या?”

भिंतीपाशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंचा हात नकळत केसांकडे गेला आणि त्या म्हणाल्या, “पुरे आता. सगळे वर्गात चला. सर, तुम्ही माझ्या खोलीत या.”

खोलीत गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. स्टँडवरची छत्री काढून खाली ठेवली आणि गोल कमानीत बसवला. मग महासागरातल्या त्या भोकावर त्यांनी आपला अंगठा टेकवला. आता तो मावत नव्हता.

“तुम्ही मला बघितलं होतंत, ना?”

“कधी, बाई?”

“सातवीत होते मी. गोल पुसायचं काम वर्गप्रमुखाचं. पुसता पुसता जरा जोर लागला आणि अंगठा आत गेला. मास्तरांचा राग तुम्हाला माहीतच आहे. मी घाबरले. रिबिनी सोडून बांधला आणि टाकला स्टेजखाली.” बाई खुर्चीत बसल्या. “मुख्याध्यापिका झाले, त्या दिवशी पहिलं हेच ठरवलं होतं, की गुपचूप काढायचा. गेलेही. पण झडपेतून मी जाईना! दुसऱ्या कुणाला सांगायचं तर काय म्हणून सांगू?”

सरांनी गोल हळूच एकदा फिरवून बघितला.

“अडतीस वर्षं तुम्ही कुणाला बोलला नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि भाऊसाहेबांच्या वहीतला डाग जावा म्हणून सगळं स्वतःवर घेतलंत. भर वर्गात! घरच्यांना शाळेत यावं लागलं, तरी माझं नाव घेतलं नाहीत.”

“बाई, खरंच सांगतो, मी काहीही बघितलं नव्हतं.”

“बघा!” बाईंनी डोळ्यांना पदर नव्हे, समोरचं पत्रकच लावलं. “अजूनसुद्धा!”

खोटं बोललो तेव्हा टाळ्या पडल्या, आणि आता खरं बोलतोय तर माणसं रडतायत. सरांनी हात टेकले. बाईंचं गुपित आपल्याकडून फुटणार नाही, एवढं मात्र त्यांनी मनापासून सांगितलं आणि ते बाहेर पडले.

शनिवारी ते वर्गात शिरले, तेव्हा टेबलावर एक जुनी, कोपरे दुमडलेली पातळ वही ठेवलेली होती. त्यावर शेजारच्या शाळेचा शिक्का होता. आत पहिल्याच पानावर वेड्यावाकड्या पेन्सिलीनं काढलेल्या उभ्या रेघा होत्या आणि खाली कुणा अनोळखी बाईंच्या अक्षरात ‘छान’. पुढची सगळी पानं कोरी होती.

“त्या दिवशीचा गृहपाठ, सर,” प्रश्नचिन्ह म्हणालं. “आईनं जपून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी वही परत द्यायला गेलो, तर त्या बाई म्हणाल्या, राहू दे.”

सरांनी त्या रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोट्याला वर्गानं डोक्यावर घेतलं होतं आणि खऱ्याला आपण तीन गुण दिले होते. तेही ‘घडलेलं वाटत नाही’ म्हणून. त्यांनी तिचा निबंध मागवला, तीन खोडले, नऊ केले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माझी चूक झाली.”

“दहा का नाहीत, सर?”

“अक्षर.”

मग खडू खाली ठेवून त्यांनी घसा साफ केला. आता मागे हटायचं नाही. “आणखी एक सांगायचंय. मी बुधवारी वाचलेली आठवण खरी नव्हती. गोल मी नेला नव्हता. ते सगळं मी मनानं रचलं होतं.”

सगळीकडून एकच ओरडा झाला. “काहीतरीच, सर!” “गोल सापडला की!” “स्टेजखालीच होता, सर!”

“सापडला, पण मला ठाऊक नव्हतं. तो योगायोग होता.”

“सर,” तिसऱ्या बाकावरून हात वर झाला, “गोष्ट कुठं अडली की योगायोग घुसडायचा नाही, असं तुम्हीच शिकवता.”

“ही गोष्ट नाही, खरं आहे!”

“मग तुम्ही लिहून द्या. मी तपासते.”

सरांनी रविवारभर बसून लिहिलं. कोरा कागद, आईचं ‘जायचास, यायचास’, छत्री अडकवलेला स्टँड, ग्रंथालयातला कोपरा, भाऊसाहेबांच्या अडतीस जोड्या, आईची पाठीतली थाप. जे त्यांचं नव्हतं ते तेवढं वगळलं. बाकी चोवीस वर्षांत पहिल्यांदाच शब्द न् शब्द खरा उतरला. लिहिताना मजाही आली. सोमवारी सकाळी त्यांनी वही प्रश्नचिन्हाच्या हाती दिली, पद्धतीप्रमाणे सोबत लाल पेनही दिलं, आणि दिवसभर परीक्षेला बसलेल्या पोरासारखे व्हरांड्यात येरझारा घालत राहिले.

शेवटच्या तासाला वही परत आली. शेवटच्या पानावर, त्यांच्याच वळणाचं अक्षर गिरवून, लाल शाईत लिहिलं होतं : ‘हे घडलेलं वाटत नाही. पुन्हा लिहा. ३/१०.’

सरांनी तो शेरा दोनदा वाचला, दोनदा हसले, आणि वहीचं कोरं पान उघडून बसले.